एकदांडीपासून सुरुवात करा

रानफुलं ओळखायला शिकायचं असेल तर आधी कुंपणाशी उगवलेली एकदांडी मुळासकट उपटा. ती मूळची अमेरिकेतली, इथं तण म्हणून माजलेली. उपटली तरी काही बिघडत नाही. फूल भिंगाखाली धरा. ते एक फूल नाहीच! कडेला पाकळीसारखी दिसणारी, टोकाला तीन दाते असलेली फुलं आणि मध्ये पिवळ्या नळ्यांची दाटी. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी कितीतरी वेळ ओट्यावरच बसून राहिले होते.

मग नमुना म्हणून जपायला ते रोप वर्तमानपत्रात पसरा. एखादं पान उलटं ठेवा, खालची लव दिसायला हवी. वर जाड पुस्तकं. पावसाळ्यात कागद रोज बदला. मी दोन दिवस आळस केला आणि सगळ्यावर बुरशी चढली. कडक वाळलं की साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर टाके घालून बसवा. कोपऱ्यात चिठ्ठी लावून तारीख, गाव, जमीन कशी होती ते लिहा. फुलाचा रंग तर लिहाच, वाळल्यावर तो उडतो. चिठ्ठीशिवाय अभ्यासाला नमुन्याचा उपयोग नाही.

कासच्या पठारावर मात्र फक्त वही आणि भिंग न्या. तिथल्या दुर्मिळ कंदीलपुष्पाचं एक फूल खुडलं, की त्याचं बी गेलं.