मिरर ताजा आहे का, हे मूळ रेपोलाच विचारा

मिरर म्हणजे गिट या साधनात ठेवलेल्या मूळ रेपोची (कोड आणि त्याच्या इतिहासाच्या साठ्याची) सतत ताजी ठेवायची प्रत. आमच्या मिररने १९ दिवस जुना कोड दिला आणि कुणाला पत्ताही लागला नाही. मूळ रेपो वाचायला लागणाऱ्या टोकनची (पासवर्डसारख्या किल्लीची) मुदत संपली होती. ठरल्या वेळी कमांड चालवणारा क्रॉन दर १५ मिनिटांनी चालायचा, गिट दर वेळी एरर द्यायचं आणि ती एरर मीच डेव्ह-नलकडे, म्हणजे कचऱ्यात, वळवून ठेवली होती. मिररवरून क्लोन (रेपोच्या नव्या प्रती) मात्र झटपट होत होते, त्यामुळे शंका येणार कुठून? मूळ रेपोत असलेली दुरुस्ती बिल्डमध्ये (कोडपासून तयार झालेल्या प्रोग्राममध्ये) का दिसत नाही, हे शोधण्यात एका सहकाऱ्याचे दोन दिवस गेले. त्यानंतर मिरर लावायची माझी पद्धत बदलली, ती अशी.

सुरुवात ‘गिट क्लोन --मिरर’ने करा. नुसतं ‘--बेअर’ चालत नाही, कारण पुढे काय काय आणायचं याची फेचची (मुळातले बदल ओढून आणायची) ओळ त्यात कॉन्फिगमध्ये (रेपोच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) लिहिलीच जात नाही. ‘--मिरर’ तिथे ‘+रेफ्स/*:रेफ्स/*’ लिहितो, म्हणजे सगळे रेफ (कोडच्या ठरावीक स्थितीकडे बोट दाखवणारी नावं) – ब्रँच (कामाच्या शाखा), टॅग, नोट्स – सगळं जसंच्या तसं येतं. आधीच्या अधिक चिन्हामुळे फोर्स पुशने (जबरदस्तीने वर पाठवून) बदललेला इतिहासही स्वीकारला जातो.

पण हाच पर्याय कॉन्फिगमध्ये ओरिजिनसाठी (म्हणजे मूळ रेपोसाठी) ‘मिरर = ट्रू’ अशीही ओळ टाकतो. त्या फोल्डरमध्ये कुणी सहज ‘गिट पुश’ केलं, तर ते मिरर पुश ठरतं: इथे नसलेल्या ब्रँच मुळातून उडतात, इथल्या जुन्या ब्रँच तिथल्या नव्यांवर बसतात. म्हणून क्लोन झाल्या झाल्या मी ‘गिट रिमोट सेट-यूआरएल --पुश ओरिजिन बंद’ चालवतो. टोकनही फक्त वाचण्यापुरतंच घेतो.

रोजची कमांड ‘गिट फेच --प्रून’, तीही ‘फ्लॉक -एन’मधून, म्हणजे आधीची फेरी रेंगाळली तर दुसरी सुरू होत नाही. प्रून (मुळात आता नसलेली नावं मिररमधूनही काढणं) वगळू नका. तिकडे ‘फिक्स’ ही ब्रँच काढून कुणी ‘फिक्स/लॉगिन’ बनवली, की जुनं नाव वाटेत येतं आणि फेच अडतो.

प्रूनचा धोका मात्र खरा आहे. मुळात चुकून ब्रँच उडाली, तर पुढच्या फेरीत मिररमधूनही जाते. बेअर रेपोत (मिररसारख्या, कामाच्या फाइली नसलेल्या) रेफलॉग (रेफ आधी कुठे होते याची नोंद) आधीपासूनच बंद असतो आणि कुठूनही न पोचता येणारे ऑब्जेक्ट (गिटने साठवलेला डेटा) दोन आठवडे उलटले की जीसी (गिटची सफाई) साफ करू शकतो. मी ‘जीसी.प्रूनएक्स्पायर’ ९० दिवसांवर नेलं आहे आणि प्रत्येक फेचच्या आधी ‘गिट शो-रेफ’ची यादी तारखेच्या फाइलमध्ये ठेवतो. ब्रँच गेली, तर यादीतला हॅश (त्या ब्रँचच्या शेवटच्या स्थितीची ओळख) घ्यायचा, सिंक थांबवून मिररमध्ये त्यावर ब्रँच बनवायची, ती साध्या क्लोनमध्ये ओढायची आणि तिथून मुळात पुश करायची. सिंक थांबवणं विसरलात, तर पुढचा प्रून ती पुन्हा पुसेल.

आता तपासणी. फेच यशस्वी झाला एवढ्यावर मी विसंबत नाही. मिररमध्ये ‘गिट एलएस-रिमोट --रेफ्स ओरिजिन’ आणि ‘गिट एलएस-रिमोट --रेफ्स .’ या दोन्हींचं आउटपुट वेगवेगळ्या फाइलमध्ये घ्या आणि डिफ करा (फरक बघा). मांडणी सारखीच असते. पाइपने (एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देऊन) जोडू नका, कारण पहिली कमांड फसली तरी पाइप ते लपवू शकतो, आणि फसलेली तपासणी हाही इशाराच धरायला हवा. फेच आणि तपासणी यांच्या मध्ये कुणी पुश केला, तर फरक दिसणारच. म्हणून सलग दोन तपासण्यांत फरक राहिला तरच मी मेल पाठवतो. ही तपासणी वेगळ्या क्रॉनमध्ये ठेवली आहे, नाहीतर सिंक बंद पडल्यावर तीही गप्प बसेल.

एवढं करूनही हेड (क्लोन केल्यावर कोणती ब्रँच उघडायची, हे सांगणारी खूण) निसटू शकतो. मुळात मास्टर या मुख्य ब्रँचचं नाव बदलून मेन झालं, की मास्टर प्रूनमध्ये जाते, पण मिररचा हेड तिच्याकडेच बोट दाखवत राहू शकतो आणि मग नवा क्लोन रिकाम्या फोल्डरसह इशारा देतो. ‘गिट एलएस-रिमोट --सिमरेफ ओरिजिन हेड’ने खरं नाव बघा आणि ‘गिट सिम्बॉलिक-रेफ हेड रेफ्स/हेड्स/मेन’ने जुळवा.

सबमॉड्यूलचे (रेपोत जोडलेले दुसरे) रेपो आपोआप येत नाहीत, त्यांचे मिरर वेगळे लावावे लागतात. एलएफएसच्या (मोठ्या फाइली वेगळ्या साठवणाऱ्या गिटच्या जोडणीच्या) फाइलींसाठी फेचनंतर ‘गिट एलएफएस फेच --ऑल’ लागतो. तो राहिला तर मिररमध्ये फाइलींऐवजी फक्त त्यांचे पॉइंटर असतात, आणि वरची डिफ तपासणी तरीही सगळं जुळतंय असंच दाखवते.