जिल्हा परिषदेच्या शाळेतलं हुशार मूल : वर्गात काय द्यावं, कोणती परीक्षा कधी द्यावी

मी आधी वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवलं, आता आठवीपर्यंतच्या शाळेत शिकवते. दोन्हीकडे एक प्रश्न सारखाच भेटला. दहा गणितं फळ्यावर लिहिली की एखादं लेकरू सगळ्यांच्या आधी वही पुढे करतं आणि मग उरलेली तासिका पेन्सिलीला टोक करण्यात घालवतं. बाकीच्या मुलांचं तिसरं गणित चाललेलं असतं आणि आपल्याला त्यांच्याकडे बघावंच लागतं. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून बुद्धिमान मुलांसाठी काम करते, पण आपल्या गावातल्या मुलाला तिथं कोण नेणार? त्याच्यासाठी जे काही करायचं ते आपल्याच वर्गात करावं लागतं. माझ्यासारख्या शिक्षकांसाठी आणि जागरूक पालकांसाठी हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट म्हणजे मूल ओळखणं. पहिला नंबर आणि वळणदार अक्षर यांवर जाऊ नका. मी बघते ते असं : उत्तर बरोबर आलं तरी “बाई, असंच का?” म्हणून कोण थांबतं, मी शिकवलेली रीत सोडून स्वतःची आखूड वाट कोण काढतं, आठवडी बाजारात बापाच्या भाजीच्या पालावर सुट्ट्या पैशांचा हिशोब कोण तोंडी करतं. तांड्यावरच्या मुलांच्या बाबतीत तर जास्तच जपून बघा. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारं मूल दुसरी-तिसरीपर्यंत मराठीत गप्प असतं आणि आपण त्याला मागे पडलेलं समजतो. त्याच्यापुढे भाषा नसलेलं काम ठेवा, आकृत्यांची मालिका, काड्यांचं कोडं. तिथं ते मूल कसं उघडतं ते बघाच.

आता काम काय द्यायचं? त्याच प्रकारची आणखी दहा गणितं तर मुळीच देऊ नका. लवकर आटोपल्याची ती शिक्षा होते आणि मूल शहाणं असेल तर मुद्दाम सावकाश सोडवायला लागतं. दर वेळी त्याला छोटा मास्तर करून मागच्या मुलांजवळ बसवणंही मला पटत नाही. कधीमधी ठीक आहे, समजावून सांगताना त्याचंही पक्कं होतं. पण रोज तेच झालं तर ते स्वतः नवं कधी शिकणार? त्याला खोल जाणारं एकच गणित द्या, आणि उत्तर सांगायची घाई करू नका.

एक नमुना सांगते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पानावर तीन ओळी, तीन रकाने असा चौकोन आखायला सांगा. समजा त्यात ७, ८, ९, १४, १५, १६, २१, २२, २३ या तारखा आल्या. मुलाला बेरीज करायला सांगा आणि ते लिहायला लागायच्या आत तुम्ही १३५ म्हणून मोकळे व्हा. दुसरा चौकोन, तिसरा चौकोन, प्रत्येक वेळी तुम्ही आधी. आता त्याला गुपित हवं असतं. ते सांगायचं नाही. दोन दिवस लागू देत. चौथीतल्या एका मुलीनं मधल्या तारखेला ९ ने गुणायचं हे शोधलं, आणि मी “का?” विचारल्यावर बोटानं समोरासमोरच्या जोड्या दाखवल्या : ७ आणि २३, ८ आणि २२, ९ आणि २१, १४ आणि १६. प्रत्येक जोडी ३० ची, म्हणजे दोन पंधरांची. चार जोड्यांचे आठ पंधरा आणि मधला एक. बीजगणित तिनं अजून पाहिलेलंही नव्हतं.

इथं थांबू नका. पुढचा प्रश्न : बेरीज १०० येईल असा चौकोन सापडेल का? नाही सापडणार, कारण १०० ला ९ ने भाग जात नाही. मग २१६? भाग तर जातो, मधली तारीख २४ येते. मूल आनंदानं चौकोन आखायला जातं आणि अडतं, कारण २४ भोवतीच्या चौकोनाला ३२ तारीख लागते! अशा अडण्यातच त्याचं शिक्षण आहे. एक पान, एक आठवडा, खर्च शून्य. तोवर बाकीचा वर्ग शांतपणे आपली वजाबाकी पुरी करतो आणि दुसऱ्या आठवड्यात त्यातलीही दोघं-तिघं दिनदर्शिकेपाशी जाऊन उभी राहतात. म्हणून हा कागद मी भिंतीवर सगळ्यांसाठी लावते. हुशार कोण हे ठरवण्यात आपलीही नजर चुकू शकते, दार उघडं असलेलं बरं.

परीक्षांचं मात्र वेळेवर केलेलंच कामाला येतं. शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला होती, आता शासनानं ती पुन्हा चौथी आणि सातवीला आणली आहे. चौथीपर्यंतच्या शाळांसाठी हे फार चांगलं झालं, नाहीतर आपण घडवलेलं मूल परीक्षेच्या वर्षी दुसऱ्याच शाळेत असायचं. दोन पेपर, प्रत्येकी १५० गुणांचे : पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. तयारी तिसरीपासून गमतीगमतीत सुरू करा. गाईडचे गठ्ठे चौथीच्या दिवाळीनंतर काढले तरी चालतं.

नवोदय, म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा. तिच्यासाठी पाचवीत असताना अर्ज भरायचा, सहावीत प्रवेश मिळतो. ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यातले ४० प्रश्न, म्हणजे निम्मे गुण, निव्वळ आकृत्यांचे. मघाशी म्हटलेल्या तांड्यावरच्या मुलाला हा पेपर म्हणूनच उघडा आहे. आकृत्या पुस्तकातून पाठ करून घेऊ नका. आरशातल्या प्रतिमेसाठी खरा हातआरसा अक्षरांशेजारी उभा धरा. घडी घालून भोक पाडलेल्या कागदाच्या प्रश्नासाठी रद्दी आणि कात्री द्या : कागद दोनदा दुमडा, कोपरा कापा, उघडण्याआधी “भोकं किती, कुठं?” हे वहीत काढायला लावा, मगच उघडा. आठवडाभर हे केलं की मूल कागदाशिवाय डोळ्यांपुढे घडी उलगडायला लागतं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही हे पक्कं बजावा. उत्तरपत्रिकेवरचे गोल पेनानं भरायचे असतात, आणि आपल्या मुलांचा हात पेन्सिलीला सरावलेला असतो. तो सराव आधीच करून घ्या.

अटी नीट वाचा, कारण घोटाळा तिथं होतो. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या आहेत, पण त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण झालेली हवीत. मध्येच काही महिने मामाकडे शहरात घातलेलं मूल शहरी धरलं जातं. पाचवीचं वर्ष त्याच जिल्ह्यात पुरं व्हावं लागतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत हे दिवाळीआधीच बोलून ठेवा. मूल आजी-आजोबांकडे राहील की हंगामी वसतिगृहात, ते बैलगाडी निघायच्या दिवशी ठरवता येत नाही. मुलींसाठी एक तृतीयांश जागा आहेत, तरी लेक निवासी शाळेत पाठवायला घर कचरतं. अशा वेळी वडिलांना समजावून भागत नाही. आईला आणि आजीला सोबत नेऊन शाळा, वसतिगृह, जेवणघर डोळ्यांनी दाखवून आणा. आणि मुलाला आधीच सांगा की एका नवोदयात वर्षाला जेमतेम ८० मुलं घेतात. यादीत नाव आलं नाही म्हणून आपली दिनदर्शिकेची कोडी बंद होणार नाहीत, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकायचं असतं.

आठवीत एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्क्यांची सूट. दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्नांचे : बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय. शालेय विषयांत विज्ञान आणि समाजशास्त्र ३५-३५ प्रश्नांचे, गणित २० चं. त्यामुळे गणितात तरबेज मूलही इतिहास-भूगोल टाळून पार होत नाही. पालकांनी एक लक्षात ठेवावं : ही शिष्यवृत्ती शासकीय, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या मुलांसाठी आहे. सातवीनंतर हौसेनं विनाअनुदानित इंग्रजी शाळेत नाव घातलं की हा हक्क गेला. माध्यमिक शाळा दुसऱ्या गावी असेल म्हणून मुलीचं शिक्षण थांबवू नका, ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो.

निवड झाल्यावरही पैसे अडतात ते नावापायी. आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या रजिस्टरला दुसरं, बँकेत तिसरं. सातवीच्या उन्हाळ्यातच तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न अक्षर जुळवा, तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढा, बँक खातं आधारशी जोडून घ्या. पुढे दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं, आणि मूल तोवर दुसऱ्या शाळेत गेलेलं असतं. मी अशा प्रत्येक मुलाच्या घरचा फोन नंबर वहीत ठेवते आणि पोर्टल उघडलं की स्वतः फोन करते, शिवाय नव्या शाळेतल्या वर्गशिक्षकांनाही एक लावते.