दुर्बिणीतून पोटाचं ऑपरेशन झालं, आता आंबट पाणी वर येऊ नये म्हणून

माह्यं वजन कमी करायचं स्लीव्हचं ऑपरेशन नागपूरले झालं, दुर्बिणीतून, पोटावर पाच बारके टाके अन् तिसऱ्या दिवशी घरी. गावात सगळ्यायले वाटलं टाके लहान म्हणजे ऑपरेशनही लहान, अन् खरं सांगतो, मलेही तसंच वाटलं. पहिल्या दोन महिन्यात जिथं जिथं चुकलो ते लिहून राहिलो.

पहिले हे समजून घ्या का आंबट वर काऊन येते. स्लीव्हमधी पोटाचा पाऊण हिस्सा, कधी त्याहून जास्त, कापून काढतात. उरते ती केळ्यासारखी नळी, शे-दीडशे मिली मावते तिच्यात. आधीचं पोट पिशवीसारखं ताणायचं, लिटरभर सहज घ्यायचं, ही नळी ताणत नाही, जरा जास्त झालं की दाब थेट वर जाते, अन् अन्ननळीच्या खालच्या तोंडाशी जे झाकण असते तेही काही जणायचं ऑपरेशननंतर ढिलं पडते. म्हणजे भानगड तिखटाची कमी अन् दाबाची जास्त. मी ठेचा सोडला, तर्री सोडली, मंग म्हटलं आता काय होते, अन् फिक्क्या वरण-भातावर गिलासभर पाणी एका दमात ढोसलं. अर्ध्या तासात घशात अशी आग का माय म्हणे, याले मिरची कोणं चारली?

तं पाणी जेवणाआधी अर्धा तास बंद, जेवताना बंद, नंतर अर्धा तास बंद. बाकी दिवसभर बाटली जवळ ठेवा अन् घोट घोट घ्या. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ वर जाते, वावरातून आलं की हात आपोआप तांब्याकडे जाते, तेव्हाच सांभाळा लागते.

जेवण डॉक्टरनं दिलेल्या चार्टप्रमाणं, आधी पातळ, मंग घोटलेलं, मंग मऊ, शेजारच्याचं पाहून पुढं पळू नका. मऊवर आलो तवा मले ज्वारीच्या कण्या सगळ्यात सोसल्या, पातळ शिजवून, थोड्या ताकात. चहाचा चमचा घ्या, घास चावून पाणी करा, वाटीभर खायले वीस-पंचवीस मिनिटं लागलेच पायजे. छातीच्या खाली जड वाटलं, उचकी आली का तिथंच थांबा. आमच्या मायचा नियम, ताटात टाकायचं नाही, त्या नियमापायी मी दोनदा उलटी केली. आता ताटातच कमी घेतो.

रात्रीचं. जेवण अन् झोप यात तीन तास पायजे. मी आधी तीन उशा घेऊन झोपायचो, त्यानं उलट वाढलं, कारण उशीनं मान वर होते अन् पोट मधातून दुमडते. निवारीची बाज तशीच, झोळ पडते. मंग लाकडी पलंगावर आलो अन् डोक्याकडच्या दोन्ही पायायखाली दोन-दोन विटा ठेवल्या, अख्खा पलंगच सहा इंच तिरपा. पहिल्या रात्री घसरत घसरत पायथ्याशी गेलो, पण आंबट आलं नाही. डाव्या कुशीवर झोपा, उजव्या कुशीवर जास्त येते.

पॅन्टोप्राझोलची, म्हणजे अ‍ॅसिड कमी करायची गोळी दिली असंल तं ती सकाळी उपाशीपोटी, नाष्ट्याच्या अर्धा तास आधी, चहाच्या पण आधी. जळजळ झाल्यावर घ्यायची गोळी नाही ते. मनानं बंदही करू नका. अंग दुखते म्हणून मेडिकलवरून डायक्लोफिनॅक वगैरे आणायचं नाही, या नळीले अल्सर होऊ शकते, डॉक्टरले विचारूनच दुखण्याची गोळी घ्या. सोडा अन् ईनोही नको, गॅस फुगून दाब वाढते. पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखंल, ते अ‍ॅसिड नाही, ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या गॅसचं आहे, हळूहळू चाललं का जाते.

आता खर्रा. तंबाखूनं ते झाकण आणखी ढिलं पडते, टाके भरायलेही वेळ लागते. मले सुटायले सगळ्यात जड हेच गेलं, पानठेल्याचा रस्ताच बदलला. दहा कप चहा पण गेला. संत्री मात्र दुखली, आंबिया बहार घरचा अन् मी नुसता पाहत बसलो, कारण दोन फोडीत छाती जळे. तुम्हाले सोसत असंल तं थोडी खाऊन पाहा, पण उपाशीपोटी नाही.

वावरातलं काम डॉक्टर हो म्हणल्याशिवाय नाही, साधारण चार ते सहा आठवडे जड उचलायचं नाही. सोळा लिटरचा फवारणीचा पंप तं लांबच ठेवा. पुढंही जेवल्याबरोबर निंदायले वाकू नका, वाकलं का नळी दाबते. करदोडा, पट्टा, साडीची गाठ ढिली ठेवा.

ताप, छाती धडधडणं, पोटात जोराची कळ, थांबत नाही अशी उलटी, घास अडकणं, काळी शौच, उलटीत रक्त, यात घरचा उपाय करत बसू नका, त्याच वेळी गाडी करा. छाती दुखून हातात नाही तं जबड्यात कळ गेली तं अ‍ॅसिड समजू नका, आधी ईसीजी. अन् एवढं पाळूनही रोज आंबट येत असंल तं डॉक्टर एन्डोस्कोपी करून, म्हणजे तोंडातून बारकी दुर्बीण घालून पाहतात, लयच त्रास असला तं स्लीव्हचं बायपास (पोटाचं, हृदयाचं नाही) करतात काही जणायचं. माह्यी एन्डोस्कोपी पुढच्या महिन्यात आहे, तोवर विटा पलंगाखालीच.