कोणीच लिंबूटिंबू राहणार नाही असा गेम कसा निवडायचा

घरात सगळ्यांनी खेळायला बोर्ड गेम घ्यायचा म्हटलं की लोक आधी गेम बघतात, रिव्ह्यू बघतात, आणि खेळणार कोण ते बॉक्स घरी आल्यावर बघतात. उलटं करा. आधी दोन माणसं हेरा, एक सगळ्यात लहान भिडू (त्याला वाचता येतं का?) आणि दुसरा सगळ्यात लवकर कंटाळणारा मोठा माणूस, जो डाव चालू असताना हळूच मोबाईल काढतो. या दोघांना जमला तर मधल्या सगळ्यांना जमतोच.

बॉक्सवर तीन आकडे असतात, भिडू, वय आणि वेळ. भिडूंचा आकडा नीट वाचा कारण '२ ते ५' म्हणजे पाच जण खेळू शकतात एवढंच, पाच जणांत मजा येईलच असं नाही. आणि कॅटान नावाच्या गेमच्या मूळ बॉक्समध्ये तर चौघांचीच सोय आहे, पाचवा असेल तर वेगळा सेट घ्यावा लागतो. वयाचं म्हणाल तर ८+ लिहिलेला गेम सहा-सात वर्षांचं मूलही खेळू शकतं, वाचायचं फार नसेल तर. पण तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही असं लिहिलेलं असेल तर तिथे शहाणपणा नको, ते बारीक सोंगट्या तोंडात जाऊ नयेत म्हणून असतं. वेळ मात्र नियम पाठ असलेल्यांचा लिहिलेला असतो, पहिल्या डावाला सरळ दुप्पट धरा.

बोर्डगेमगीक नावाची वेबसाइट आहे, तिथे प्रत्येक गेमच्या पानावर किती जणांत बेस्ट यावर लोकांची मतं असतात आणि 'वेट' म्हणून १ ते ५ मध्ये अवघडपणाचा आकडा असतो, पहिल्यांदाच काही घेताय तर २ च्या आसपास किंवा खालीच राहा.

आता जे बॉक्सवर लिहिलेलं नसतं ते. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपली पाळी येईपर्यंत माणूस करतो काय. कार्कासॉन बघा, एक चौकोनी तुकडा उचलायचा, रस्त्याला रस्ता आणि शहराला शहर जुळेल असा लावायचा, वाटलं तर सोंगटी ठेवायची, झाली पाळी. आणि ज्याची पाळी नाही तोही 'अरे तिकडे फिरवून लाव ना' म्हणत नाक खुपसत असतो, म्हणजे रिकामा कोणीच नाही. याच्या उलट मोनोपॉली, ज्याचं दिवाळं निघालं तो बाहेर आणि बाकीच्यांचं संपेपर्यंत बघत बसायचं. गंमत म्हणजे हा गेम ज्यावरून आला त्या खेळाचं पेटंट एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ मध्ये घेतलं होतं आणि जमीनमालक कसे गब्बर होतात नि भाडेकरू कसे कंगाल होतात हे दाखवायलाच तो बनवला होता, तेव्हा हरणाऱ्याला वैताग येतो यात नवल नाही. तरी घरात असेलच तर छापील नियमाने खेळा. कोणी जागा विकत घेतली नाही तर तिचा लगेच लिलाव करायचा असतो, आणि फ्री पार्किंगवर पैसेबिसे काही मिळत नाहीत, हे दोन पाळले तरी डाव बराच लवकर संपतो.

दुसरं म्हणजे नशीब किती आणि डोकं किती. सापशिडीत ठरवायचं काहीच नसतं, फासा टाकला की झालं, मोठे पाच मिनिटांत जांभया देतात. बुद्धिबळात लहान मूल दरवेळी हरणार, मग मोठे मुद्दाम हरतात आणि ते मुलांना बरोब्बर कळतं. मधलं काहीतरी हवं. टिकट टू राइडमध्ये गावांची नावं सोडली तर वाचायचं जवळपास काही नाही, रंगाचे पत्ते जमवा आणि रेल्वे टाका. किंवा मग जिथे मुलंच भारी पडतात असं घ्या, डॉबलमध्ये ५५ गोल पत्ते, प्रत्येकावर आठ चित्रं आणि कुठल्याही दोन पत्त्यांवर नेमकं एकच चित्र सारखं, ते आधी ओरडायचं. चष्मा शोधेपर्यंत पोरं जिंकलेली असतात.

साध्या पत्त्यांच्या कॅटला विसरू नका. चौघांत ५२ वाटले की प्रत्येकाला १३ येतात आणि छोट्या हातात ते मावतच नाहीत, सारखे पडतात, सगळ्यांना दिसतात आणि मग रडारड. जोडायच्या ठोकळ्यांच्या दोन ओळींत फट ठेवून त्यात पत्ते उभे करून द्या. सुरुवात बदाम सातने करा, सगळं समोर मांडलेलं असतं, लक्षात ठेवायचं काही नाही, आणि तरी इस्पिकची छक्की हातात दाबून दुसरंच पान खेळायचं हा डांबरटपणा मुलं लवकर शिकतात. रमी त्यानंतर. मेंढीकोटसारख्या जोडीच्या खेळात सगळ्यात नवख्याला सगळ्यात मुरलेला भिडू द्या.

घरात कोणी रडीचा डाव खेळणारा असेल तर सगळे मिळून गेमविरुद्ध खेळतात असा घ्या. पँडेमिक हा त्यातला प्रसिद्ध, २००८ चा, पण त्यात एक जण सगळ्यांना हुकूम सोडायला लागतो. हानाबीमध्ये ती सोयच नाही, कारण तुमचे पत्ते तुम्ही उलटे धरता, ते बाकीच्यांना दिसतात पण तुम्हाला नाही, आणि इशारेही मोजकेच.

अगदीच ठरत नसेल तर श्पील देस यारेस हे जर्मन बक्षीस बघा, १९७९ पासून देतात. लाल चिन्ह म्हणजे कुटुंबासाठी, निळं मुलांसाठी, आणि काळपट राखाडी दिसलं तर गेम थोडा जड आहे असं समजा. कार्कासॉन २००१, टिकट टू राइड २००४, हानाबी २०१३, सगळे लालवाले.

आणलात की एकाने आदल्या दिवशी नियम वाचून ठेवा, सगळ्यांना बसवून पुस्तिका मोठ्याने वाचू नका, माणसं उठून जातात. भांडणाचे नियम पत्ते वाटायच्या आधी ठरवा. उनोत +२ वर (म्हणजे दोन पत्ते उचलायला लावणाऱ्या पत्त्यावर) आणखी +२ टाकून पुढच्याच्या गळ्यात मारणं अधिकृत नियमात बसत नाही, पण तुमच्याकडे चालत असेल तर चालू दे, फक्त मधेच बदलू नका. एक्सपान्शन, म्हणजे मूळ गेमला जोडायचा जादा सेट, लगेच घेऊ नका, आधी मूळ पत्ते खेळून मळू देत.