बॅकस्ट्रोकच्या स्टार्टला पाय घसरतोय? आधी कंबर बघा

बॅकस्ट्रोकचा, म्हणजे उताणं पोहण्याच्या शर्यतीचा, स्टार्ट बिघडला की पुण्यातल्या कुठल्याही तलावावर पहिलं खापर टाइल्सवर फुटतं. ‘फार गुळगुळीत आहेत हो, सर!’ टाइल्स खडबडीत निघाल्या तर मग थंडी. जानेवारीत सकाळी सहाच्या बॅचला थंडीचं कारण अगदीच खोटं असतं असंही नाही. पण ज्या भिंतीवरून एक पोरगा सर्रकन घसरून जागच्या जागी बुडतो, त्याच भिंतीवरून शेजारच्या लेनमधली मुलगी सफाईने उलटा सूर मारून निघून जाते. भिंत दोघांना एकच असते.

या स्टार्टची गंमत अशी की चूक दिसते एकीकडे आणि असते दुसरीकडे. पाय घसरले म्हणून पाय सुधारायला जावं, पाठ आपटली म्हणून पाठ सुधारायला जावं, तर हाती काही लागत नाही. पंचांनी ‘टेक युवर मार्क्स’ (तयार व्हा) म्हटल्यावर तुमची कंबर भिंतीपासून किती लांब होती आणि पाण्यापासून किती उंच होती, यावर पुढचं बहुतेक सगळं ठरलेलं असतं.

फ्रीस्टाइल किंवा बटरफ्लायला काठावरच्या ब्लॉकवर (सूर मारायच्या चौथऱ्यावर) कोरड्या जागी उभं राहता येतं, पायाची बोटं कडेला अडकवता येतात, आणि खाली यायला गुरुत्वाकर्षण मदतीला असतं. बॅकस्ट्रोकमध्ये अर्धं शरीर पाण्यात, पाठ जायच्या दिशेला, आणि रेटा द्यायला समोर एक उभी ओली भिंत. आधी स्वतःला पाण्याबाहेर काढायचं आणि त्याच क्षणी मागेही फेकायचं. म्हणून इथे ताकदीच्या आधी बसण्याची ढब येते. शिवाय २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर बॅकस्ट्रोकचा समावेश झाला आहे. ५० मीटरच्या तलावात त्या शर्यतीला वळणच नाही, सगळी मदार एका स्टार्टवर.

मुटका मारायच्या तयारीत बसणं

सर्वात जास्त दिसणारी आणि सर्वात जास्त नडणारी चूक ही. ‘टेक युवर मार्क्स’ ऐकलं की मुलं जिवाच्या आकांताने स्वतःला वर खेचतात. छाती ब्लॉकला टेकलेली, गुडघे पोटाशी, कंबर थेट टाचांच्या वर. जणू आता मुटकाच मारायचा आहे. पालकांना काठावरून हे फार जोशपूर्ण दिसतं. टीव्हीवर मोठे खेळाडू इतकेच उंच दिसतात, त्यामुळे मुलांनाही तेच बरोबर वाटतं.

आता पाय का घसरतो ते बघा. ओल्या टाइलवर तळव्याला पकड देणारं काहीच नसतं, असतं ते फक्त घर्षण. आणि भिंतीत सरळ आत जितकं जोरात दाबाल, तितकंच घर्षण मिळतं. कंबर टाचांच्या वर आणि भिंतीला चिकटून असेल तर पाय सरळ करताना जोर भिंतीच्या आत जातच नाही. तो भिंतीलगत खाली जातो. घर्षण कमी, खाली जाणारा जोर जास्त, मग पाय सटकणारच. टाइल्स बदलल्या तरी.

उपाय ऐकायला सोपा आहे, अंगवळणी पडायला वेळ लागतो. वर खेचून घ्या, पण छाती ब्लॉकला चिकटवू नका. कोपर वाकलेले असू द्यात, अगदी पूर्ण मिटलेले नकोत. गुडघ्याचा कोन साधारण काटकोनाच्या आसपास ठेवा, आणि बूड टाचांपासून थोडं मागे, पाण्याच्या पृष्ठभागाच्या जवळपास. असं बसलं की रेटा भिंतीत आत जातो आणि भिंत तुम्हाला मागे ढकलते.

काही जण मग दुसऱ्या टोकाला जातात. घसरायला नको म्हणून हात लांब सोडून पाण्यात खोल बसतात, कंबर पार बुडालेली. पाय घसरत नाहीत, पण सगळं अंग पाण्यातून ओढत न्यावं लागतं. तो स्टार्ट राहत नाही, भिंतीवरून नुसतं ढकलून निघाल्यासारखं होतं. तरीही अगदी नव्या मुलाला मी आधी याच बाजूची चूक करू देईन. खाली बसून पाय टिकायला लागले की दर आठवड्याला थोडं थोडं वर आणता येतं. उलट्या दिशेने शिकवणं फार अवघड जातं, कारण चारदा घसरून तोंडावर आपटलेलं पोर पुढे मनापासून रेटाच देत नाही.

पाय ठेवायचे कुठे

दोन्ही पाय खांद्यांपेक्षा जरा कमी अंतरावर. जोर चवड्यावर, टाचा भिंतीपासून सुटलेल्या. एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित खाली ठेवला तर बऱ्याच जणांना जास्त स्थिर वाटतं. पाय जितके वर, तितकी कमान उंच मिळते पण घसरण्याची भीतीही वाढते. म्हणून शिकताना बोटं पाण्याखालीच बरी.

इथे आपल्याकडची एक खास अडचण आहे. अनेक तलावांना काठाला गटर (पाणी वाहून जायची पन्हळ) असतं, आणि बॅकस्ट्रोकचे धरायचे दांडे मात्र नसतात, किंवा असले तरी एखाद-दुसऱ्या ब्लॉकलाच. मुलं काय करतात, काठ धरतात आणि पायाची बोटं गटरच्या कडेवर मस्त अडकवतात. पकड झकास मिळते. वर्षभर सराव त्यावरच होतो. पण नियमाप्रमाणे गटरमध्ये किंवा गटरवर उभं राहणं आणि त्याच्या कडेवर बोटं वळवणं, दोन्हीला मनाई आहे. टच पॅडच्या (वेळ नोंदवायला भिंतीवर लावलेल्या पाटीच्या) वरच्या कडेवरही बोटं वळवता येत नाहीत. मग स्पर्धेला गेलं की पंच पाय खाली घ्यायला लावतात आणि वर्षभराचा सराव तिथेच संपतो. गटर कितीही मोहात पाडो, सराव सपाट भिंतीवरच करा.

दांड्यांचंही तसंच. नियमानुसार ते पाण्यापासून ३० ते ६० सेंटिमीटर उंचीवर असतात. काठ धरून सराव करणाऱ्याचे हात कायम त्याहून खाली असतात, त्यामुळे दांडा हातात आला की तो नको इतका वर खेचला जातो आणि पुन्हा मुटका. दांडे असलेला तलाव पुण्यात शोधावा लागतो हे मान्य. स्पर्धेच्या आधीच्या महिन्यात तरी तिथे काही वेळा सराव मिळेल असं बघा.

सिग्नलला हात ओढणं

सिग्नल वाजला की कित्येक जण आधी आणखी एक हिसका देऊन स्वतःला भिंतीकडे ओढतात आणि मग सुटतात. यात वेळ जातो तो जातोच, शिवाय नीट लावलेली कंबर पुन्हा टाचांवर येऊन बसते. ओढायचं ते ‘टेक युवर मार्क्स’ला. सिग्नलला हातांनी दांडा स्वतःपासून दूर ढकलायचा. आधी हात सुटतात, मग डोकं मागे, मग कंबर उचलली जाते, आणि पाय भिंत सगळ्यात शेवटी सोडतात. हात सुटायच्या आत पाय सरळ झाले की समजा, जोर वाया गेला.

हात डोक्यावरून न्यायचे की बाजूने, यावर प्रशिक्षकांचे दोन तट आहेत आणि दोन्ही पद्धतींनी चांगले स्टार्ट मारले जातात. त्यात फार शक्ती घालवू नका.

डोकं उशिरा, किंवा फारच जोरात

डोकं जिकडे जातं तिकडे पाठीचा कणा जातो. हनुवटी छातीला चिकटवून निघाल तर पाठीची कमान होतच नाही आणि अख्खी पाठ पाण्यावर सपाट पडते. तो आवाज आला की सगळा तलाव वळून बघतो. नवशिक्यांना मागे न बघता मागे पडायची भीती असते, म्हणून ही चूक होते. यात नवल नाही. पाठीला डालडाचा डबा बांधून कालव्यात पोहायला शिकलेल्या पुणेकरांना उताणं पोहायला जमायचंच कुठे?

भीतीवर उपाय पाण्याबाहेर सुरू करा. जाड मॅटवर सेतुबंधासन करून कंबर उचलण्याची जाणीव घ्या. मग पाण्यात, ब्लॉकचा नाद न करता, भिंतीवरून उताणं ढकलून हात कानाशी लावून सरळ जात राहा. त्यानंतर पाठीमागे पाण्यावर एक नूडल (तरंगणारी लांब नळी) आडवा धरायला सांगा आणि त्याच्यावरून जायचा प्रयत्न करा. तो फोमचा असतो, लागत नाही. नूडलच्या जागी लेनची दोरी मात्र वापरू नका.

आता उलट बाजू. डोकं इतक्या जोरात मागे फेकलं की मान दुखते, कमान वाजवीपेक्षा जास्त होते आणि पोहणारा थेट तळाकडे निघतो. सिग्नलच्या वेळी मान कण्याच्या रेषेत सैल ठेवा. निघताना नजर तलावाच्या पलीकडच्या टोकाकडे न्यायची, एवढंच.

पाण्यात शिरताना

चांगल्या स्टार्टला बोटं, डोकं, खांदे, कंबर, पाय एका पाठोपाठ एक जवळजवळ एकाच जागी पाण्यात शिरतात. नवशिक्याची बोटं पुढे शिरतात आणि कंबर अलीकडेच पडते. उपाय पुन्हा आधीच्याच जागी आहे. कंबर सुरुवातीला पाण्यात बुडालेली असेल तर ती त्या क्षणभरात वर येऊच शकत नाही. पाय भिंत सोडताना ते पाण्याबाहेर वर झटकले तर फरफट कमी होते.

पाण्यात शिरल्याबरोबर कमान मोडायची हे कुणी आवर्जून सांगत नाही. हवेत कमान हवी, पाण्यात सरळ रेघ हवी. कमान तशीच राहिली तर शरीर खोल जात राहतं आणि पहिल्या चार-पाच डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारलेल्या लाथा) नुसत्या वर यायला खर्च होतात. फार उथळ राहिलात तर किक पृष्ठभागावर फेस काढण्यात जाते. अर्धा-पाऊण मीटर खोली शिकणाऱ्याला पुरेशी आहे.

१९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या डेव्हिड बर्कॉफने १०० मीटर बॅकस्ट्रोकच्या प्राथमिक फेरीत पाण्याखालून लांब अंतर कापत ५४.५१ सेकंदांचा विश्वविक्रम केला. अंतिम फेरीत जपानच्या डाइची सुझुकीने पाण्याखाली राहण्यातच त्याला टक्कर देऊन सुवर्ण नेलं. पुढे नियम आले, आणि आज १५ मीटरपर्यंत डोकं पाण्याबाहेर यावंच लागतं. ही मर्यादा आहे, उद्दिष्ट नाही. तुमची किक जर हातांच्या पोहण्यापेक्षा हळू असेल तर सात-आठ मीटरवर वर या. पंधरा मीटरपर्यंत श्वास कोंडून रेंगाळणारी मुलं दर स्पर्धेत दिसतात.

नाकात पाणी जातं का? शिरताना नाकातून सतत ‘हूंऽऽ’ करत हवा सोडा. निघाल्यावर दोरीकडे सरकताय? बहुतेक एक पाय दुसऱ्याच्या आधी भिंत सोडतोय. शेजारच्या काठावरून कुणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा. बाजूने, पाण्याच्या पातळीवर कॅमेरा धरून आणि हळू गतीत. कंबर कुठे आहे ते दोन मिनिटांत कळतं. फक्त तलावावर चित्रणाला परवानगी आहे का ते आधी विचारा.

एक गोष्ट यात तडजोडीची नाही: हा सराव उथळ टोकाला करायचा नाही. ब्लॉक असलेल्या तलावात भिंतीपासून १ ते ६ मीटरच्या पट्ट्यात किमान १.३५ मीटर खोली हवी, असा नियम आहे. आपल्या तलावांच्या उथळ टोकाला तेवढी असेलच असं नाही, आणि उलटं शिरताना तळ दिसत नाही. सुट्टीतल्या गर्दीच्या बॅचमध्येही नको, मागे कोण आलं ते कळत नाही.

लेज मिळाली तर

मोठ्या स्पर्धांमध्ये आता पायाखाली लेज मिळते, पट्ट्यांनी ब्लॉकवरून सोडलेली पाचर. पाण्याच्या पातळीपासून ४ सेंटिमीटर वर ते ४ सेंटिमीटर खाली अशी ती हलवता येते. पाय घसरायची भीती जाते, म्हणून कंबर जरा वर घेता येते. पण ज्याने आयुष्यभर सपाट भिंतीवर सराव केला, तो लेजवर पहिल्यांदा उभा राहिला की हमखास जास्त उंच उडतो आणि खोल जातो. दोन्ही पायांची बोटं भिंतीला किंवा टच पॅडला टेकलेली असायला हवीत, हेही विसरलं जातं. वॉर्मअपला संधी मिळाली तर आधी मधल्या खुणेवर लावून बघा, वरच्या खुणेचा मोह नंतर.

आणि पंचांच्या पहिल्या लांब शिट्टीला पाण्यात उतरायचं, दुसरीला न रेंगाळता दांडा धरायचा. या दोन शिट्ट्यांच्या मधेच लेज सरळ आहे ना, पट्ट्या दोन्हीकडे सारख्या आहेत ना, हे हाताने चाचपून घ्या. आधीच्या हीटमधल्याने (फेरीतल्या पोहणाऱ्याने) ती स्वतःच्या मापाला लावून ठेवलेली असते.