पोटाच्या ऑपरेशननंतर घरी झोपायची-बसायची सोय करताना या चुका टाळा

हॉस्पिटलची कॉट, कमोड खुर्ची, वॉकर भाड्यानं देणं हा माझा धंदा. बेळगाव शहर, खानापूरकडची गावं, कधी निपाणी-संकेश्वरपर्यंत सामान जातं. जोडून द्यायला मी स्वतः जातो, त्यामुळं पेशंट ज्या खोलीत पडणार ती खोली बघायला मिळते. बहुतेक घरांत एकच गोष्ट दिसते. पेशंट झोपणार कसा, याचा सगळ्यांनी विचार केलेला असतो. उठणार कसा, हे कुणी बघितलेलंच नसतं.

पोटाला टाके असलेल्या माणसाला नुसतं पडून राहायला फारसा त्रास नसतो. जीव जातो तो उठताना, कूस बदलताना, खोकताना. आडवा माणूस सरळ उठून बसतो तो पोटाच्या स्नायूंवर, आणि जखम नेमकी तिथंच असते. अपेंडिक्स असो, हर्निया असो, पिशवीचं ऑपरेशन असो की सीझर, उठायची अडचण तीच. दुर्बिणीतून केलेलं असेल तर दुखणं लवकर ओसरतं, एवढाच फरक. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर माझं बाजूला ठेवा आणि त्यांचं ऐका.

डिस्चार्जच्या दिवशी कॉट शोधायला निघणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. ऑपरेशनची तारीख आधी ठरलेली असते, ॲडमिट व्हायची पिशवी भरलेली असते, आणि कॉटसाठी फोन येतो तो पेशंटला गाडीत घालताना.

वडगावातलं एक घर सांगतो. पुढच्या सोप्यात यंत्रमाग, मागं स्वयंपाकघर, मधली खोली अंधारी. आईचं पिशवीचं ऑपरेशन झालेलं, पोट उघडून. मुलगा बेंगळुरात नोकरीला, दोन दिवसांची रजा काढून आलेला. फोनवर म्हणाला, "अर्ध्या तासात कॉट पाहिजे. मोटरची द्या, भारीतली." मी विचारलं, आईंची उंची किती, दार किती रुंद, संडास कुठल्या बाजूला. "तुमी पाठवा की हो, भाड्याचं काय ते बघू."

पाठवली. बोळातून आली, पण दारात वळेना. डोक्याकडची आणि पायाकडची फळी काढली, सांगाडा उभा करून आत घेतला, तोवर मावशी बाहेर रिक्षात पोट धरून बसलेल्या. मुलानं कॉट खिडकीपाशी भिंतीला लावून घेतली, उजेड येतो म्हणून. त्यामुळं उतरायला राहिली ती बाजू नेमकी मावशींची दुखरी. त्यात आमची साधी कॉट गादी धरून २६ इंचांच्या आसपास जाते, मोटरची अगदी खाली आणली तरी त्यांना उंचच. मावशी बुटक्या. काठावर बसवल्या तर पाय लोंबकळत होते. मी बोललो, पण त्या गडबडीत ऐकणार कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर कॉटवर नातू बसलेला, हातात रिमोट, डोकं वर, पाय वर. मावशी खाली फरशीवर वाकळ अंथरून. "हितंच बरं हाय बाबा. वरनं पडले तर?" आणि उठायची वेळ झाली की सून एका हाताला, मुलगा दुसऱ्या हाताला, आणि "एक, दोन, तीन" म्हणून ओढायचे.

कॉट परत घेतली. घरातच साड्यांच्या गठ्ठ्यांखाली जुना लाकडी पलंग होता, फळ्या एकदम घट्ट. तो मोकळा केला, चारी पायांखाली खाच पाडलेले लाकडी ठोकळे दिले, वर चार इंची कापसाची गादी. दुखरी बाजू भिंतीकडे आणि सोपी बाजू मोकळी ठेवली. भाडं बुडालं, पण मावशी संध्याकाळी आपल्या आपण उठल्या.

तेव्हा ऑपरेशनच्या आधी टेप घ्या. पेशंटला खुर्चीत बसवा, गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत मोजा, त्यात एक-दोन इंच मिळवा. गादीवर बसल्यावर एवढी उंची भरली पाहिजे. काठावर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. कमी पडत असेल तर ठोकळे द्या. विटा नकोत, गुळगुळीत फरशीवर त्या सरकतात. घरचा पलंग जमत असेल तर माझ्याकडं येऊच नका. यायचंच असेल तर हातानं फिरवायची, डोक्याची बाजू उचलणारी कॉट पुरते. पावसाळ्यात खानापूर भागात लाइट गेली की मोटरची कॉट जिथं असेल तिथंच थांबते.

पडेल म्हणून खाली अंथरूण

यामागं माया असते, म्हणून समजावणं अवघड जातं. पण जमिनीवरून उठताना गुडघे, कंबर आणि पोट तिन्ही एकदम कामाला लागतात, आणि मदतीला आलेली माणसं हात ओढून ताण आणखी वाढवतात. पायाकडं दोरी बांधून ती धरून उठायला लावणारेही भेटतात. तीही सोडून द्या.

उठायची पद्धत एकच, आणि ती हॉस्पिटलात शिकवतातच. गुडघे दुमडायचे. खांदा आणि कंबर एकदम वळवून कुशीवर व्हायचं, मधे पीळ पडू द्यायचा नाही. दोन्ही पाय काठावरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या हाताचं कोपर व वरच्या हाताचा तळवा गादीवर रेटून बसतं व्हायचं. श्वास सोडत उठायचं, कोंडून नाही. मग मिनिटभर तसंच बसायचं, चक्कर नाही ना बघायचं, आणि उभं राहायचं. झोपताना हेच उलट. मदत करणाऱ्यानं खांद्यामागं हात द्यावा, मनगट ओढू नये.

आमच्याकडं यात आणखी एक भानगड आहे. डिस्चार्जचा कागद इंग्रजीत, सिस्टर समजावते कन्नडमध्ये, आणि जांबोटीकडच्या आजीला येते फक्त मराठी. आजी "हूं हूं" म्हणते आणि घरी येते. तसं बेळगावात मराठी बोलणारं कुणी ना कुणी मिळतं, पण मी सांगतो की भाषेच्या मागं लागूच नका. सिस्टरला म्हणा, एकदा उठवून दाखवा, आणि मग आजीला त्यांच्यासमोर उठू द्या. कुठल्या कुशीवर सोपं जातं ते तेव्हाच कळतं, आणि पलंगाची कुठली बाजू मोकळी ठेवायची तेही.

सीझरच्या बाळंतिणीला काथ्याची बाज

माहेरी आलेली लेक, बाज, खाली शेगडी. रीत जुनी आहे आणि मी काही आज्यांशी भांडायला जात नाही. पण ती रीत टाके नसलेल्या बाळंतिणीसाठी होती. काथ्याची बाज मधे झोळीसारखी खाली जाते. त्या खळग्यातून कुशीवर वळताच येत नाही, त्यामुळं बाळ रडलं की बाई पोटावर जोर देऊनच उठते, रात्रीतून कितीतरी वेळा. त्यात ओल्या जखमेला खालून धग आणि घाम. जखम कोरडी राहायला हवी. बाज ठेवायचीच असेल तर वर जाड फळी टाका आणि शेगडी बाजूला न्या. बाळाला वेगळं, पण बसल्या जागेवरून हात पोचेल इतकं जवळ ठेवा. पाजताना मांडीवर उशी घेतली की बाळाचा भार टाक्यांवर येत नाही.

सोफा

नवीन सोफा घेतलेलं घर असलं की पेशंटला त्यात बसवायची हौस दांडगी. माणूस आत रुततो, गुडघे कमरेच्या वर जातात, पोट दुमडतं. झोपाळा आणि कापडी आरामखुर्ची त्याच माळेतल्या.

पाठ सरळ, बैठक घट्ट आणि दोन्ही बाजूंना हात असलेली खुर्ची पाहिजे. प्लास्टिकची असेल तर मी दोन खुर्च्या एकात एक घालतो. उंची थोडी वाढते आणि पाय फाकत नाहीत. मागं भिंत हवीच. उठताना पुढं सरकायचं, पाय मागं घ्यायचे, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रेटायचे. जेवायला पाटावर बसणं काही आठवडे बंद. पंगतीची हौस असणाऱ्या आजोबांना हे पटत नाही, तरी बंदच.

नुसत्या डोक्याखाली उशांचा ढीग

मान वाकते, पाठ तशीच राहते, पोटाला घडी पडते. उतार कमरेपासून सुरू व्हायला हवा. लोड पाठीच्या मधोमध आडवा, त्याच्यावर उशी, त्याच्यावर डोकं. तीस-चाळीस अंशांचा उतार बहुतेकांना मानवतो. कुशीवर झोपायचं असेल तर पोटाला टेकून एक उशी आणि दोन गुडघ्यांच्या मधे एक. सॅटिनची चादर काढून टाका. माणूस रात्रभर खाली घसरतो आणि टाचा रोवून वर सरकताना कळवळतो.

गुडघ्याखाली उशी घेतली की पोट सैल पडतं आणि बरं वाटतं, पण ती दिवसरात्र तशीच ठेवू नका. गुडघ्यामागं दाब राहून पायातलं रक्त तुंबतं. काढा, घोटे वर-खाली हलवा.

आता बाकीच्या भराभर.

खोकला आला की उशी पोटावर घट्ट दाबून धरायची. ती उशी कायम हाताशी हवी, कपाटात नको.

उन्हाळ्यात ऑपरेशन आणि त्याच आठवड्यात घरात संकेश्वरी मिरची भाजणं, हे मी बघितलेलं आहे. चटणी पुढच्या महिन्यात करा.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा दुखतो म्हणून लोक गादीला दोष देतात. पोटात भरलेल्या गॅसमुळं दुखतं ते. थोड्या दिवसांत जातं, चालल्यानं लवकर जातं.

संडास परसात आणि खाली बसायचा असेल तर भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची आणा. वाटेत बल्ब, आणि उंबऱ्यापाशी ओलं पायपुसणं नको.

भेटायला आलेल्यांनी पलंगाच्या काठावर बसू नये. कुंदा घेऊन आलात तर तो घरच्यांना द्या, आणि पेशंटला हसवू नका.

आणि "विश्रांती" म्हणून दिवसभर झोपवून ठेवू नका. डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल तर दर दोनेक तासांनी उठवा, सोप्यातून परसापर्यंत एक फेरी पुरे. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला, टाके उसवले, पोट फुगून उलट्या होऊ लागल्या, तर कॉटची उंची बदलत बसू नका, डॉक्टरांना फोन करा. एकदम धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट १०८.

कॉट घ्यायचीच झाली तर महिन्याचं भाडं आधी भरू नका, आठवड्याच्या हिशेबानं घ्या. पेशंट घरच्या पलंगावरून आपला आपण उठू लागला की फोन करा, आम्ही घेऊन जातो. फक्त त्याआधी गादी उचलून बघा. चष्मे, गोळ्यांची पाकिटं, एकदा तर कवळी, सगळं आमच्या टेम्पोत येतं आणि मग पुन्हा तेवढ्यासाठी चिकोडीपर्यंत फेरी पडते.