जुना पीसी, नवं कॅबिनेट

गोव्यातल्या मिरामारसारख्या किनाऱ्यालगतच्या घरात खाऱ्या हवेने कॅबिनेटचा पत्रा गंजतो, पण आतला मदरबोर्ड बऱ्याचदा ठणठणीत असतो. असा पीसी भंगारात देऊ नका, जीव तुटतो माझा! नुसतं कॅबिनेट बदला.

आधी बोर्ड मोजा. बोर्डाची दोन ठरलेली मापं बहुधा भेटतात: एटीएक्स 305 बाय 244 मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त 244 बाय 244. ब्रँडेड पीसीचा बोर्ड कधीकधी वेगळ्याच मापाचा निघतो, तेव्हा भोकं जुळतात का ते पाहूनच पैसे द्या.

प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, मग वायरींचे फोटो काढा. प्रोसेसर, कूलर, रॅम बोर्डावरच राहू द्या. ग्राफिक्स कार्ड तेवढं उतरवा. धूळ मऊ ब्रशने झाडा.

खरी काळजी स्टँडऑफची. हे पितळेचे छोटे खुंट बोर्ड पत्र्यापासून उचलून धरतात. बोर्डाला भोक असेल तिथेच खुंट हवा. एखादा जादा राहिला, तर तो बोर्डाच्या मागच्या सोल्डरच्या टाक्यांना टेकून शॉर्ट होऊ शकतो. म्हणून बोर्ड वर धरून एकेक भोक ताडून बघा. मागची पोर्टांची पट्टी बोर्डाआधी बसवा. स्क्रू हलक्या हाताने, एका कोपऱ्यानंतर त्याच्या तिरप्या समोरचा कोपरा, अशा क्रमाने आवळा.

पुढच्या बटणांच्या बारीक पिनांसाठी मघाचा फोटो उघडा. पॉवर स्विचची जोडी उलटी लागली तरी चालते, एलईडीला मात्र प्लस-मायनस पाहावं लागतं.

झाकण लावण्याआधी मॉनिटर जोडून पीसी सुरू करा आणि सगळे पंखे फिरतात ना, ते बघा.